औंढ्याच्या माळावर विश्वाची चाहूल

औंढ्याच्या एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर चहा घेत बसलो होतो. हिंगोलीची गाडी यायला अर्धा तास होता. शेजारच्या बाकावर साठी ओलांडलेले एक शेतकरी येऊन टेकले. माझा चष्मा आणि काखेतली पिशवी पाहून मी मास्तर असणार, हे त्यांनी ओळखलेच असावे.

"सर, ते दुधाळ्याच्या अंगाला लायगो का काय बांधू लालेत म्हणं. अणूचं हाय का ते? आमच्या हिरीच्या पाण्याला काही व्हायचं तर न्हाई ना?"

हिंगोलीच्या ज्युनिअर कॉलेजात बत्तीस वर्षे मी भौतिकशास्त्र शिकवले. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे माझे कर्तव्यच होते. म्हटले, "काका, अणूचं नाही ते. कामात अणुऊर्जा विभाग आहे, म्हणून तसं वाटतं. तिथं ना अणुभट्टी, ना युरेनियम. एक प्रकाशाचा झोत आणि काही आरसे, एवढंच."

"मग त्यातून निघणार काय?"

"निघणार काही नाही. ते यंत्र ऐकणार."

काकांनी कप खाली ठेवला. "निस्तं ऐकायला एवढा पैसा?"

तेवढ्यात गाडी लागली आणि मी उत्तर न देताच निघालो. हिंगोलीपर्यंतच्या पंचवीसेक किलोमीटरच्या प्रवासात तो प्रश्न डोक्यातून गेला नाही. हा लेख म्हणजे त्या काकांना देणे राहून गेलेले उत्तर आहे.

शंभर वर्षांची शंका

गोष्ट सुरू होते १९१६ साली. अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी आदल्याच वर्षी गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धान्त मांडला होता. वस्तुमानामुळे आजूबाजूचे अवकाश वाकते आणि त्या वाकण्यालाच आपण गुरुत्वाकर्षण म्हणतो, असे तो सिद्धान्त सांगतो. त्यातूनच पुढचे गणित निघाले. अवजड वस्तू वेगाने फिरल्या, आदळल्या, तर अवकाशातच लहरी उठल्या पाहिजेत. विहिरीत दगड टाकल्यावर पाण्यावर उठतात, तशा. याच त्या गुरुत्वीय लहरी.

गंमत अशी की खुद्द आइन्स्टाइन यांचाच या लहरींवर सतत विश्वास होता असे नाही. १९३६ साली त्यांनी सहकारी नेथन रोझन यांच्याबरोबर लिहिलेल्या निबंधात अशा लहरी नसतातच, असा निष्कर्ष काढला होता. चूक लक्षात आल्यावर तो बदलला. पुढे १९६९ साली अमेरिकेत जोसेफ वेबर यांनी ॲल्युमिनियमच्या मोठ्या दंडगोलांच्या साहाय्याने या लहरी पकडल्याचे जाहीर केले. खळबळ उडाली. पण इतरांनी तसेच दंडगोल बसवून पाहिले, तर त्यांना काहीच सापडले नाही.

पुरावा मिळाला तो आडवाटेने. १९७४ साली रसेल हल्स आणि जोसेफ टेलर यांनी एकमेकांभोवती फिरणारी न्यूट्रॉन ताऱ्यांची एक जोडी शोधली. ते तारे हळूहळू जवळ येत होते. जितकी ऊर्जा लहरींच्या रूपाने बाहेर पडावी असे गणित सांगत होते, तितकीच ती कमी होत होती. या दोघांना १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. धूर दिसला होता; विस्तव अजून कुणी पाहिला नव्हता.

केसाएवढा फरक

विस्तव दिसत नव्हता, कारण या लहरी कमालीच्या क्षीण असतात. आपल्या सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा सुमारे चार प्रकाशवर्षे दूर आहे. म्हणजे प्रकाशालाही तिथे पोचायला चार वर्षे लागतात. एवढ्या अंतरात माणसाच्या केसाच्या जाडीहूनही कमी फरक पडला, तर तो ओळखायचा. लायगो या वेधशाळेसमोरचे आव्हान साधारण असे आहे.

त्यासाठी काटकोनात दोन नळ्या टाकतात, इंग्रजी एल अक्षरासारख्या. प्रत्येक नळी चार किलोमीटर लांब. आतली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकलेली. कोपऱ्यातून लेसर किरणाचे दोन भाग करून दोन्ही नळ्यांत सोडतात. टोकाच्या आरशांवर आपटून ते परत येतात आणि कोपऱ्यात एकमेकांना भेटतात. दोन्ही बाजूंची लांबी अगदी जुळलेली असेल, तर ते एकमेकांना पुसून टाकतात आणि अंधार होतो. गुरुत्वीय लहर आली की एक बाजू किंचित ताणली जाते, दुसरी किंचित आखडते. जुळणी बिघडते आणि अंधारात उजेडाची तिरीप दिसते.

हे "किंचित" म्हणजे किती? अणूच्या पोटात अणुगर्भ असतो, अणुगर्भात प्रोटॉन असतात. त्या एका प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. म्हणून तिथला प्रत्येक आरसा चाळीस किलोंचा असतो आणि काचेच्या बारीक तंतूंवर, एकाखाली एक अशा चार लंबकांच्या साखळीत टांगलेला असतो. जमीन हलली तरी आरसा हलता कामा नये.

तरीही काय काय ऐकू येते पाहा. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या वेधशाळेत २०१७ साली नोंदींमध्ये अधूनमधून खुटखुट येऊ लागली. शोध घेतला तर चोर निघाले डोमकावळे. द्रवरूप नायट्रोजनच्या थंडगार नळीवर साचलेला बर्फ ते तहानेपोटी टोचून खात होते.

आधी चाल पाठ हवी

आता मुख्य अडचण. कावळे, ट्रक, वारा, समुद्राच्या लाटा या सगळ्या गोंगाटात विश्वातून आलेली क्षीण लहर ओळखायची कशी?

महाशिवरात्रीला औंढ्याच्या यात्रेत गेलेल्यांना हे लगेच कळेल. भोंगे, पाळणे, फेरीवाले आणि माणसांचा नुसता कल्लोळ. त्यातही दूरवर कुठे एखादी भजनी दिंडी ओळखीचा अभंग गात असेल, तर आपला कान तो बरोबर टिपतो. शब्द ऐकू येत नाहीत, टाळ तुटक ऐकू येतात, पण चाल कळते. कारण ती आपल्याला आधीपासून पाठ असते. अनोळखी गाणे त्याच गोंगाटात विरून जाते.

भौतिकशास्त्रज्ञांनी नेमके हेच केले, आणि या कामात आपल्या माणसांचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या आयुका या संस्थेची स्थापना डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने १९८८ साली झाली. पुढच्याच वर्षी डॉ. संजीव धुरंधर तिथे रुजू झाले. यंत्र नव्हते, लहर नव्हती, ती सापडेल याची खात्री नव्हती. अशा काळात धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली एक निबंध प्रसिद्ध केला. दोन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येऊन आदळतील, तेव्हा लहरीची चाल कशी असेल, त्याचे कोणते व किती नमुने तयार ठेवावेत आणि ते गोंगाटाशी कसे ताडून पाहावेत, याचा तो हिशेब होता. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत डॉ. बाला अय्यर यांनी फ्रान्समधील शास्त्रज्ञांच्या साथीने ती चाल अधिकाधिक अचूक करणारे किचकट गणित केले. त्याही आधी, १९७० साली सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी दाखवून दिले होते, की हादरा बसलेले कृष्णविवर घंटेसारखे निनादते आणि तो निनाद झपाट्याने विरत जातो.

मग १४ सप्टेंबर २०१५ उजाडला. भारतात दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला हादरा जाणवला आणि सात सहस्रांश सेकंदांनी तीन हजार किलोमीटरवरच्या हॅनफर्डच्या यंत्रालाही तोच हादरा जाणवला. सेकंदाच्या पाचव्या भागाइतकाच सगळा खेळ. शास्त्रज्ञांनी तो सुमारे अडीच लाख पाठ केलेल्या चालींशी ताडून पाहिला. चाल जुळली! सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे १३० कोटी प्रकाशवर्षे अंतरावर एकमेकांत मिसळली होती. मिळून ६५ व्हायला हवेत, उरले ६२. तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरी होऊन विश्वात पसरले होते. शेवटी विश्वेश्वरांनी सांगितलेला तो निनादही होता.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी ही बातमी जगाला सांगण्यात आली. पुढच्या वर्षी रेनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना नोबेल मिळाले. धुरंधरांच्या त्या निबंधाला तोवर सुमारे पंचवीस वर्षे झाली होती.

सोन्याचा जन्म

काकांना याहून जवळचे उदाहरण द्यायला हवे होते, ते सोन्याचे. आपल्या घरातल्या मंगळसूत्रातले सोने आले कुठून? सोनाराकडून, खाणीतून, हे झाले. पण पृथ्वीवर कुठून? तारे लोखंडापर्यंतची मूलद्रव्ये आपल्या भट्टीत शिजवतात. सोने, प्लॅटिनम, युरेनियम बनायला मात्र न्यूट्रॉनांचा भडिमार लागतो. तो कुठे होतो, याची निरनिराळी प्रारूपे अणुगर्भशास्त्रज्ञांनी मांडून ठेवली होती.

१७ ऑगस्ट २०१७ रोजी संध्याकाळी सहाच्या सुमारास नवी चाल ऐकू आली. ही लांबलचक होती, सुमारे शंभर सेकंदांची. दोन न्यूट्रॉन तारे आदळले होते. न्यूट्रॉन तारा म्हणजे सूर्याहून जास्त वस्तुमान, आणि आकार हिंगोली ते औंढा एवढ्या अंतरात मावणारा. त्याचे चमचाभर द्रव्य अब्जावधी टन भरेल. लहर संपल्यानंतर पावणेदोन सेकंदांनी गॅमा किरणांचा झोत आला आणि जगभरच्या सुमारे सत्तर वेधशाळा त्या दिशेला वळल्या. नारायणगावजवळच्या खोडद येथील आपली महाकाय रेडिओ दुर्बीणही त्यांत होती. त्या टकरीतून पृथ्वीच्या हजारो पट वजनाची जड मूलद्रव्ये उधळली गेल्याचे प्रकाशाच्या अभ्यासातून दिसले. सोने जिथे घडते त्या पेढीचा पत्ता मिळाला.

आणखी एक निकाल लागला. न्यूट्रॉन ताऱ्यातले द्रव्य कितपत घट्ट असते, याबद्दल अणुगर्भशास्त्रात अनेक प्रारूपे होती. कुणी म्हणे कडक, कुणी म्हणे मऊ. असा दाब पृथ्वीवरच्या कुठल्याही प्रयोगशाळेत निर्माण करता येत नाही. पण आदळण्यापूर्वी ते दोन तारे एकमेकांच्या ओढीने किती चेंबले, हे लहरीत उमटले होते. फार कडक द्रव्य सांगणारी प्रारूपे त्या एका नोंदीने बाद केली. प्रोटॉनच्या पोटातले शास्त्र आणि आकाशातले शास्त्र एका नोंदवहीत आले.

औंढाच का?

आपल्याला दोन कान आहेत म्हणून आवाज कुठून आला ते कळते. लायगोचेही तसेच आहे. २०१५ साली दोनच यंत्रे चालू होती. त्यामुळे टक्कर आकाशाच्या कुठल्या भागात झाली हे फार ढोबळ कळले. पौर्णिमेचे तीनेक हजार चंद्र मावतील एवढा तो पट्टा होता. इटलीतील व्हर्गो हे यंत्र साथीला आले आणि २०१७ ची टक्कर त्याच्या विसाव्या हिश्श्याएवढ्या जागेत बांधता आली. म्हणूनच दुर्बिणींना ती वेळेत सापडली. जपानमध्येही यंत्र आहे. या सगळ्यांपासून दूर, भारतात एक कान असेल तर दिशा आणखी नेमकी कळेल.

त्यासाठी देशातील शास्त्रज्ञांनी २००९ साली इंडिगो हा गट स्थापन केला. हॅनफर्डला एका आवारात दोन यंत्रे बसवायची अमेरिकेची मूळ योजना होती. त्यांतले एक दुसऱ्या देशाला द्यावे असे ठरले. ऑस्ट्रेलियाने नाही म्हटल्यावर भारताचा विचार झाला. केंद्रीय मंत्रिमंडळाने १७ फेब्रुवारी २०१६ रोजी तत्त्वतः होकार दिला आणि ६ एप्रिल २०२३ रोजी २६०० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला अंतिम मंजुरी मिळाली. २०३० च्या सुमारास काम पुरे व्हावे, अशी तेव्हा अपेक्षा होती. आयुकाबरोबर गांधीनगर आणि इंदूर येथील संशोधन संस्था यात आहेत.

देशभरच्या जागा तपासून औंढ्याजवळचा माळ निवडला गेला. सपाट जमीन, विरळ वस्ती, समुद्र दूर, मोठे कारखाने नाहीत. परभणीतून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला आपला जिल्हा. कारखाने नाहीत, मोठी शहरे नाहीत, हे आजवर आपले रडगाणे होते. प्रथमच कुणीतरी ते गुण म्हणून मोजले.

औंढ्याला ऐकण्याची परंपरा तशी जुनी आहे. नागनाथाच्या देवळात नंदी मागच्या बाजूला आहे. पुजाऱ्यांनी नामदेवांना देवळामागे जाऊन कीर्तन करायला सांगितले, तेव्हा ते ऐकण्यासाठी देऊळच फिरले, अशी आख्यायिका लहानपणी आम्ही सगळ्यांनी ऐकलेली आहे.

जमिनीतले आवाज

इथे एक गोष्ट झाकून ठेवण्यात अर्थ नाही. आपल्या जिल्ह्याची जमीन अगदीच मुकी नाही. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत गेली काही वर्षे जमिनीतून गुडगुड आवाज येतात. २१ मार्च २०२४ च्या पहाटे सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, पाठोपाठ आणखी एक. १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४.५ चा. मी अंथरुणातून उठून अंगणात आलो तेव्हा गल्लीतली सगळी म्हातारी माणसे बाहेर उभी होती. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आमच्या पिढीच्या मराठवाड्याने विसरावी कशी?

मग यंत्राचे काय? भूकंप कुठेही, अगदी दूर देशी झाला, तरी त्याच्या लाटांनी लायगोची जुळणी सुटते. ती पुन्हा बसवेपर्यंत ऐकणे थांबते. तेवढे नुकसान जगातली सगळी यंत्रे सोसतात. त्यांचा रोजचा शत्रू वेगळा आहे : अखंड धडधड, म्हणजे जड वाहने, खडी क्रशर, सुरुंग, रेल्वे. म्हणजे हे यंत्र आपल्याकडून शांतता मागणार. रस्ता कुठून जावा, खडी कुठे फोडावी, यावर बंधने येऊ शकतात. ती आधी सांगून, समजावून यायला हवीत.

कारण समजावले नाही की काय होते, तेही या देशाने पाहिले आहे. १९६५ साली कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत खोलवर यंत्रे बसवून टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपान आणि इंग्लंडमधील सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मणाऱ्या न्यूट्रिनो कणांची चाहूल टिपली. जगात पहिल्यांदा ते टिपणाऱ्यांत ते होते. तीच परंपरा पुढे नेणाऱ्या तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यातल्या न्यूट्रिनो वेधशाळेला २०१५ च्या जानेवारीत केंद्राची मंजुरी मिळाली. पण डोंगर, पाणी आणि किरणोत्साराच्या भीतीने स्थानिक विरोध झाला, खटले झाले आणि काम अडले. टपरीवरच्या काकांचा विहिरीचा प्रश्न म्हणूनच मला हसण्यावारी नेता येत नाही.

चाल कोण शिकवणार?

काकांनी गाडीत चढताना मागून आणखी एक विचारले होते. "आमच्या नातवाला लागंल का तिथं काही?"

खरे सांगतो, याच प्रश्नाने मला जास्त अस्वस्थ केले. लागेल, पण काय म्हणून? फाटकावरचा पहारेकरी म्हणून, की आत बसून आरसा जुळवणारा म्हणून? चहाची टपरी, लॉज, प्लॉटिंगचे बोर्ड हे आपोआप येतेच. आतली खुर्ची आपोआप येत नाही.

मी ज्या कॉलेजात शिकवायला लागलो, तिथे प्रयोगशाळेच्या कपाटाला कुलूप असायचे. उपकरण फुटले तर जबाबदारी कुणाची, म्हणून. प्रकाशाचा प्रयोग मुले वहीत आकृती काढून करीत आणि गुण मिळवीत. मीही कित्येक वर्षे ते चालवून घेतले. त्याची खंत आज वाटते. एका वर्षी मात्र कुलूप उघडले. दोन आरसे, एक अर्धपारदर्शक काच आणि हातातले लेसर पॉइंटर घेऊन चार दिवस खटपट केली. पाचव्या दिवशी भिंतीवर काळे-उजळ पट्टे उमटले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने टेबलाला हलकेच बोट लावले आणि पट्टे थरथरले. "सर, नुसतं टेकलं तरी कळतंय याला!" ती म्हणाली. लायगोचे सगळे मर्म तिने त्या वाक्यात सांगितले होते. लायगो हे नाव तेव्हा तिने ऐकलेही नव्हते.

धुरंधर आणि सत्यप्रकाश यांनी यंत्र येण्याच्या कितीतरी आधी चाल बसवून ठेवली, म्हणून २०१५ साली ती ओळखता आली. आपल्यालाही तेच करायचे आहे. आज आठवीत असलेली मुले यंत्र चालू होईल तेव्हा विशीत असतील. लेसर, निर्वात तंत्र, संगणक, गणित या विषयांची चाल त्यांच्या कानांवर आजच पडायला हवी. जिल्ह्यातल्या शाळांची कुलूपबंद कपाटे उघडायला २६०० कोटी लागत नाहीत. एक किल्ली लागते आणि काच फुटली तर रागावणार नाही असा एक मास्तर.

काका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर उशिरा देतो आहे. विहिरीला काही होणार नाही. नुसते ऐकायला एवढा पैसा लागतो, कारण ऐकायचे आहे ते फार दुरून येते. नातवाला लागेल का, ते मात्र यंत्रावर नाही, आपल्यावर आहे. त्याला घेऊन एखाद्या रविवारी हिंगोलीला या. दोन आरसे आणि ती काच माझ्याकडे अजून जपून ठेवलेली आहे.